निम्मं अंतर ताशी ३० ने कापलं तर सरासरी ६० येणारच नाही का?

प्रश्न
एका गणितात अडकलोय. एकूण अंतर १२० किमी, पहिले ६० किमी ताशी ३० ने कापले, तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी ६० यायला उरलेले ६० किमी किती वेगाने जायला हवं? मला सरळ ९० वाटतंय, ३० अधिक ९० म्हणजे १२०, भागिले २, आले ६०. पण पुस्तकात मागे उत्तर दिलंय "शक्य नाही". कोणी नीट उलगडून सांगाल का प्लीज?

उत्तर १
पुस्तक बरोबर आहे. वेगांची बेरीज करून २ ने भागायचंच नाही, एकूण अंतर भागिले एकूण वेळ, बस. १२० किमीला ताशी ६० ची सरासरी पाहिजे म्हणजे हातात वेळ फक्त २ तास, आणि पहिले ६० किमी ३० ने गेलात तिथेच ते २ तास संपले! पुढचं ९० ने गेलात तरी ४० मिनिटं लागणार, एकूण २ तास ४० मिनिटं, सरासरी ४५. अगदी ताशी ६०० धरा, ६ मिनिटं लागतील, तरी सरासरी ५७ च्या जराशी वर जाऊन थांबते.

उत्तर २
वरचं एकदम बरोबर. तुमचं ९० चुकतं कारण इथे अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही. २ तास ३० ने आणि २ तास ९० ने गेलात तर ६० + १८० = २४० किमी, ४ तासांत, मग सरासरी ६० येतेच. अंतर सारखं असलं की हळू टप्पा जास्त वेळ खातो म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते, आणि हळू वेगाच्या दुपटीपर्यंत ती कधीच पोचत नाही.
पेपरात सूत्र आठवलं नाही तर अंतर म्हणून लसावि धरा. जाताना ४०, येताना ६०, लसावि १२०, वेळ ३ + २ = ५ तास, २४० भागिले ५ = ४८. तीन सारखे टप्पे २०, ३०, ६० ने असले तरी हेच, लसावि ६०, ३ + २ + १ = ६ तास, १८० भागिले ६ = ३०.

प्रश्नकर्ता
आत्ता कळलं, खूप आभार! पण टप्पे लहानमोठे असतील आणि मध्ये थांबले असतील तर?

उत्तर १
तेव्हा लसावि वगैरे सोडा, प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा काढा. ६० किमी ४० ने म्हणजे दीड तास, अर्धा तास थांबा, मग १०० किमी ५० ने म्हणजे २ तास. १६० किमी, ४ तास, सरासरी ४०. थांबा धरायचा नाही असं गणितात स्पष्ट म्हटलं असेल तरच साडेतीन तासांनी भागा.