पानसोरीला बेस गिटार लावली म्हणून ती बाटली का?

हाननदीकाठची (धागा काढणारी)
काल इथेच एकांनी लिहिलं, "कोरियाने पानसोरीची रील करून टाकली. बेस गिटार, भडक कपडे, नाच. कला विकायला काढली." (पानसोरी म्हणजे एका गायकाने ढोलाच्या साथीने तासन् तास गाऊन सांगितलेली कथा.) रोख 2020 च्या पर्यटन महामंडळाच्या त्या व्हिडिओवर होता, ईनालछी बँडच्या 'वाघ उतरतोय' गाण्यावर. तिथेच तीन ओळींत उत्तर देणार होते, पण मनातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

ते गाणं कुठून आलं ते तरी बघा. 'सुगुंगगा' या पानसोरी-कथेतला तुकडा आहे तो. समुद्रातला राजा आजारी पडतो, औषध म्हणून सशाचं काळीज हवं. ते आणायला कासव जमिनीवर येतं. पाण्यातून जबड्याने वाट काढत आल्यामुळे त्याचा खालचा जबडा आखडलेला असतो. हाक मारायची असते 'तो सेंगवॉन', म्हणजे ससेराव. तोंडातून निघतं 'हो सेंगवॉन', वाघराव! वाघाला आजवर कोणी 'राव' म्हटलेलंच नसतं. तो हरखून डोंगर उतरतो. त्या उतरण्याचं हे गाणं.

बँडचे गायक पानसोरी शिकलेले आहेत. बँडचं नावसुद्धा 19 व्या शतकातल्या ई नाल-छी या गायकाचं. सात वर्षं सोलमध्ये राहते मी. माझ्या मुलीच्या वर्गातली पोरं शाळेच्या फाटकाशी हे शब्द म्हणत होती. ही पोरं एरवी 'सुगुंगगा'च्या वाटेला कधी गेली असती?

झपतालातला
"विकायला काढली" हे मीच लिहिलं होतं. मागे घेत नाही.

मूळ तुकडा ऑत्मोरी तालात आहे. दहा मात्रा, तीन-दोन-तीन-दोन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन, म्हणजे चुलत भाऊच. तो ताल लंगडत, दबकत चालतो, म्हणून वाघ डोळ्यांपुढे येतो. बँडने नाचता येईल असा सरळ ठेका धरला आणि वाघाची चालच गेली. शब्द तेच ठेवले म्हणून काय झालं?

2017 मध्ये कोरियातल्या जॉन्जू शहरात जमिनीवर बसून अख्खी पानसोरी ऐकली. एक गाणारी बाई, एक ढोलावर बसलेला गोसू, तिच्या हातात पंखा, बस. चौथ्या तासाला तिचा आवाज फाटला. गोसूने तिच्याकडे पाहिलं, थाप किंचित लांबवली, "ऑल्सू!" म्हणून दाद दिली आणि ती त्या फाटक्या आवाजातून वर चढली. शेजारच्या आजी रडत होत्या. मला कोरियन येत नाही, तरी मीही रडलो. बारा वर्षं पखवाज शिकलोय मी, थाप लांबवणं म्हणजे काय ते कळतं मला. बेस आणि ड्रम्स कोणासाठी थांबत नाहीत.

रांजणगावची दुभाषी
दोघांचंही वाचलं. माझा अनुभव सांगते.

एका कोरियन कंपनीत दुभाषी होते. आमचे साहेब पन्नाशीचे, बुसानचे. मी हौसेने पानसोरीबद्दल विचारलं तर म्हणाले, "शाळेत पुस्तकात होतं, पूर्ण कधी ऐकली नाही." तो व्हिडिओ आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मोबाइल पुढे केला आणि कासवाच्या जबड्याची गोष्ट अर्धा तास समजावली. तो माणूस तसा हसताना मी पुन्हा पाहिला नाही.

आणि आता माझं दुखणं. मी जिथे भाषा शिकले तिथल्या स्नेहसंमेलनात आम्ही चौघींनी जांगगू, म्हणजे कोरियन ढोल, बसवलं होतं. आठ महिने घासलं. आदल्या दिवशी निरोप आला, वेळ नाही, आयडॉल ग्रुपचा नाच ठेवू, मुलांना तेच आवडतं. आमचं जांगगू खोक्यातून बाहेरसुद्धा निघालं नाही. त्यामुळे "नव्यामुळे जुन्याकडे लोक वळतात" हे मी बिनशर्त मान्य करणार नाही.

मूळपीठ
सगळे वाद घालताय, पण मुख्य गोष्ट कोणी बोलत नाही. ही गोष्ट आपली आहे! माकड आणि मगर. "काळीज झाडावर ठेवून आलोय." कोरियातला ससाही तेच सांगतो, काळीज घरी राहिलं. पंचतंत्र आणि जातककथा. त्यांची राणी हो ह्वांग-ओक तर अयोध्येची, तिथे 2001 मध्ये स्मारकही झालं. कोरियन संस्कृतीचं मूळ भारतात आहे हे कौतुकाने सांगायला काय हरकत?

हाननदीकाठची
आलं का हे शेवटी. जातकातून गोष्ट गेली हे खरं, बौद्ध धर्माबरोबर, चीनमार्गे. पण 1145 च्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात ती आहे तेव्हाच माकडाचा ससा आणि मगरीचं कासव झालं होतं. पुढे पानसोरीवाल्यांनी त्यात दरबाराची खिल्ली घातली: राजाच्या दुखण्यासाठी गरिबाचं काळीज काढा म्हणणारे मासे-खेकडे मंत्री. हे पंचतंत्रात कुठे आहे?

मूळपीठ
म्हणजे बी आमचं, झाड तुमचं? राणीबद्दल बोलला नाहीत.

झपतालातला
या मुद्द्यावर मी धागावाल्या ताईंच्या बाजूने. राणीची कथा 13 व्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात आहे, तिथे तिच्या देशाचं नाव 'आयुता' एवढंच लिहिलंय. 'आयुता' म्हणजे अयोध्याच, हे नावाच्या साम्यावरून लावलेलं आहे. प्रत्येक परक्या कलेपुढे जाऊन "हे मूळ आमचं" म्हटलं की ऐकायचं राहूनच जातं. जॉन्जूला आमच्या गटातला एक जण पहिल्या वीस मिनिटांत हेच बोलला आणि झोपला.

मूळपीठ
वैयक्तिक होऊ नका. अभिमान बाळगणं गुन्हा नाही.

रांजणगावची दुभाषी
अभिमान बाळगा हो, पण साहेबांना मी हे एकदा सांगितलं होतं. ते नम्रपणे "हो का" म्हणाले आणि विषय संपला. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

हाननदीकाठची
मूळ विषयावर येते. झपतालातले दादा, तुम्ही जिच्यापुढे रडलात ती अख्खी पानसोरी मला तुमच्याइतकीच प्रिय आहे. पण ती तशीच्या तशी चालत आलेली नाही. मधल्या काळात बहुतेक तुकडेच गायले जात. 1968 मध्ये गायक पाक दोंग-जिन यांनी 'हुंगबुगा' ही पानसोरी सलग पाच तास गायली, पुढच्या वर्षी 'छुन्ह्यांगगा' आठ तास, तेव्हा अख्खी गाण्याची रीत पुन्हा उभी राहिली. म्हणजे तीही एका हट्टी माणसाची नवी खटपटच.

सामुलनोरी घ्या. नोंगाकमधली, म्हणजे शेतकऱ्यांच्या शेतातल्या वाजवण्यातली, चार वाद्यं किम दॉक-सू आणि मंडळींनी 1978 मध्ये सोलच्या छोट्या रंगमंचावर बसून वाजवली. आज तीच 'पारंपरिक' म्हणून जगभर जाते. पंख्यांचा तो प्रसिद्ध नाच 1954 चा, किम बेक-बोंग यांचा. आणि पानसोरीत 'दॉनुम' असतं, गायकाने स्वतः रचून घातलेला भाग. 1964 मध्ये सरकारने पानसोरीला राष्ट्रीय वारसा ठरवलं, मानकरी नेमले, त्यामुळे ती वाचली. पण गुरूची प्रत हुबेहूब म्हणणं हाच निकष झाला आणि दॉनुम आटलं. बारा कथांपैकी पाच उरल्या, त्या काही बेस गिटारने मारल्या नाहीत.

झपतालातला
1968 चं मला ठाऊक नव्हतं. मान्य करावं लागतंय, आनंदाने नाही.

पण किम दॉक-सू पाचव्या वर्षापासून नामसादांगच्या फिरत्या मंडळींत वाढलेले. त्यांनी ताल मोडला नाही, शेतातून उचलून रंगमंचावर ठेवला. आणि तुकडे गायचे म्हणता, तर त्या वेळच्या ऐकणाऱ्यांना आख्खी कथा तोंडपाठ होती. तुकडा ऐकताना आधीचं-नंतरचं त्यांच्या मनात वाजायचं. तुमच्या फाटकाशी गाणाऱ्या पोरांना विचारा, वाघाचं पुढे काय होतं?

हाननदीकाठची
आत्ताच मुलीला विचारलं. तिला माहीत नाही. "तो नाचतो ना?" म्हणाली.

हा मुद्दा तुमचा. पण तिला विचारलं तरी, ते त्या गाण्यामुळेच.

रांजणगावची दुभाषी
मलाही माहीत नाही, साहेबांनी सांगितलंच नाही. काय होतं पुढे?

झपतालातला
वाघ कासवाला खायला निघतो. कासव जीव मुठीत धरून मान लांब काढतं आणि वाघाला नको त्या जागी कडकडून चावतं. वाघ जो पळत सुटतो तो थेट उत्तरेला, अम्नोक नदीपर्यंत. जॉन्जूच्या बाईंनी हे गाताना पंखा फाडकन उघडला आणि सगळं सभागृह हसून लोळलं. तेव्हा ताल पार बदललेला असतो.

ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे, चार तास चाळीस मिनिटांचं. व्यनि (खासगी निरोप) करा, दोघींना पाठवतो. मुलीला वाघ पळतो तिथून ऐकवलंत तरी चालेल.