'लाइफ इज ब्यूटिफुल'चा जागतिक गल्ला: नेमका आकडा कोणता धरावा?

पडद्यामागे (प्रश्न)

नमस्कार. आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात रॉबर्टो बेनिनी यांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला इटालियन चित्रपट 'लाइफ इज ब्यूटिफुल' दाखवायचा आहे आणि खेळाआधी वाटायच्या एकपानी टिपणाचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. १९३९ सालच्या आरेत्झो शहरात काका काम करतात त्या हॉटेलात वेटर म्हणून लागलेला ग्विदो शाळेत शिकवणाऱ्या डोराच्या प्रेमात पडतो, हा पूर्वार्ध निखळ प्रणयविनोदाचा, आणि उत्तरार्ध त्याच कुटुंबाच्या छळछावणीतल्या दिवसांचा, एवढे सर्वांना ठाऊक असते; म्हणून मला टिपणात कथेपेक्षा चित्रपटाच्या प्रवासावर लिहायचे आहे. अडचण अशी की, त्याची कमाई कुठे पावणेसहा कोटी डॉलरच्या घरात सांगितलेली आढळते, तर कुठे थेट २३ कोटी. शिवाय आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सदस्य "ऑस्कर मिळाले म्हणून चालला, नाहीतर इटलीबाहेर कोण बघणार होते?" असे ठामपणे सांगतात. या विधानात तथ्य किती, आणि छापताना कोणता आकडा धरावा, हे जाणकारांनी सांगावे.

मॅटिनी

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ५ कोटी ७६ लाख डॉलर ही एकट्या उत्तर अमेरिकेतील, म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून झालेली कमाई. सुमारे २३ कोटी हा सर्व देशांचा एकत्रित गल्ला. मायदेशी, इटलीत, चित्रपटाने सुमारे ४ कोटी ८७ लाख डॉलर मिळवले. आता साधी वजाबाकी करून पाहावी: २३ कोटींतून हे दोन आकडे वजा केले, तर सव्वाबारा कोटींहून अधिक रक्कम उरते. म्हणजे निम्म्याहून जास्त गल्ला इटलीचा नाही आणि अमेरिकेचाही नाही, तो युरोपातील इतर देश, जपान, लॅटिन अमेरिका अशा बाजारांतून आलेला आहे. माझ्या मते आपल्या टिपणातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच ठरावी, कारण परभाषी चित्रपटाच्या यशाचे वर्णन करताना आपण नकळत अमेरिकेतला आकडा हाच निकाल मानतो आणि उरलेले जग हिशेबातून गाळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हा सर्व गल्ला आहे, निर्मात्याच्या हातात पडलेला पैसा नव्हे. मी बरीच वर्षे वितरणाच्या व्यवसायात काढली. तिथे नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे की तिकीटबारीवर जमलेली रक्कम वेगळी, कर वजा जाता उरलेले नेट वेगळे, आणि थिएटरवाल्याचा वाटा गेल्यावर वितरकाकडे येणारा शेअर आणखी वेगळा. चित्रपटाचा खर्च सुमारे २ कोटी डॉलर होता, पण म्हणून "२१ कोटींचा नफा" असे कृपया छापू नये. इटलीतली कमाई मुळात लिरा या तिथल्या तेव्हाच्या चलनात झालेली आहे, तेव्हा डॉलरचा आकडा त्या काळच्या विनिमय दराप्रमाणे थोडा वरखाली दिसला, तरी गोंधळून जाऊ नये.

एडिसनकर

ऑस्करच्या मुद्द्यावर लिहितो, कारण त्या काळात मी न्यू जर्सीत होतो आणि हा चित्रपट दोन वेळा, दोन अगदी वेगळ्या ठिकाणी पाहिला.

इटलीत तो २० डिसेंबर १९९७ रोजी, म्हणजे नाताळच्या तोंडावर प्रदर्शित झाला. ऑस्करचा सोहळा झाला २१ मार्च १९९९ रोजी. मधल्या पंधरा महिन्यांत इटलीतला गल्ला जमून गेलेला होता. त्याचे श्रेय ऑस्करला देणे म्हणजे वरातीनंतर आलेल्या घोड्याला नवरदेव आणल्याचे श्रेय देण्यासारखे आहे. मे १९९८ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी अध्यक्ष असलेल्या ज्युरीने कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा पुरस्कार दिला, पुढे टोरोंटो महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतरच २३ ऑक्टोबर १९९८ रोजी मिरामॅक्स या वितरण कंपनीने तो अमेरिकेत आणला.

आणला तोही एकदम नव्हे. सुरुवातीला मोजक्या शहरांतील मोजके पडदे, चर्चा वाढेल तसे आणखी पडदे, सात नामांकने जाहीर झाल्यावर आणखी, अशी ती रीत होती. मी पहिल्यांदा पाहिला तो एका जुन्या, दोनच पडद्यांच्या थिएटरात, जिथे खुर्च्यांचे स्प्रिंग टोचत आणि प्रेक्षकांत बहुतेक पिकलेल्या केसांची माणसे असत. मार्चच्या अखेरीस दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा तोच चित्रपट मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये लागलेला होता, शेजारच्या पडद्यावरून स्फोटांचे आवाज भिंतीतून येत होते, आणि पॉपकॉर्नच्या बादल्या घेऊन आलेली महाविद्यालयीन मुले सबटायटल्स वाचत होती. हा बदल ऑस्करने घडवला, हे मी मान्य करतो. सोहळ्यात अभिनेत्री सोफिया लॉरेनने नाव पुकारल्यावर बेनिनी खुर्च्यांच्या पाठींवर चढून उभे राहिले, ते दृश्य टीव्हीवर इतक्या वेळा दाखवले गेले की त्यापेक्षा मोठी जाहिरात पैसे मोजूनही झाली नसती. पण अमेरिकेतील परभाषी चित्रपटांच्या कमाईचा तोवरचा उच्चांक, जो 'इल पोस्टिनो' या दुसऱ्या इटालियन चित्रपटाच्या नावावर होता, तो सोहळ्यापूर्वीच मोडला गेला होता. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना एवढे सांगावे की ऑस्करने यश वाढवले, निर्माण केले नाही.

त्या वर्षांत अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर पाच डॉलरच्या आसपास होता. त्या हिशेबाने तिथे साधारण एक कोटी पंधरा लाख तिकिटे खपली असावीत. २००० च्या डिसेंबरात आलेल्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'ने सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलर मिळवून हा विक्रम दुपटीहून अधिक अंतराने मागे टाकला, पण तो तलवारबाजीचा चित्रपट होता, छळछावणीतल्या विनोदाचा नव्हे.

सायली_लेखन

वरचे हिशेब पटले, तरीही मूळ प्रश्न उरतोच, की हा चित्रपट इतक्या देशांत चालला कशामुळे? मला वाटते, त्याचे उत्तर पूर्वार्धातल्या विनोदाच्या जातीत आहे. खिडकीखाली उभा राहून एक माणूस "मारिया!" अशी हाक मारतो आणि वरून चावी पडते, हे ग्विदो एकदा पाहून ठेवतो, नंतर डोरासोबत त्याच खिडकीखाली येतो, आकाशाकडे पाहून साक्षात माता मेरीकडे, म्हणजे इटालियनमधल्या 'मारिया'कडे, चावी मागतो, आणि चावी पडते. हा विनोद समजायला इटालियन यावी लागत नाही. मूकपटांच्या काळापासून जगाला ओळखीची असलेली ही रीत आहे.

उत्तरार्धात मात्र भाषा हाच विनोदाचा गाभा होतो. बराकीत जर्मन पहारेकरी दमदाटीने नियम सांगतो आणि जर्मनचा गंध नसलेला ग्विदो दुभाषा म्हणून पुढे होऊन, आपल्या लहान मुलाला ऐकू जावे म्हणून, त्याचा 'अनुवाद' खेळाच्या नियमांत करतो: हजार गुण मिळवेल त्याला खराखुरा रणगाडा, रडेल किंवा आईकडे जायचा हट्ट धरेल त्याचे गुण कमी. इथे दोन भाषा कानांवर वेगवेगळ्या पडल्या पाहिजेत आणि इटालियन उच्चारांची ती सुसाट लय बेनिनींच्याच आवाजात यायला हवी. १९९९ मध्ये मिरामॅक्सने इंग्रजीत डब केलेली प्रतही अमेरिकेत लावून पाहिली आणि तिला फारसा प्रतिसाद मिळाला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. सबटायटल्समुळे प्रेक्षक दुरावतो, हे वितरकांचे आवडते गृहीतक निदान या एका चित्रपटापुरते तरी उलटे ठरले.

मॅटिनी

सायलीताईंच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. बेनिनींचे नाव आणि ऑस्कर एवढ्यानेच तिकिटे खपत असती, तर त्यांचा पुढचा 'पिनोकिओ' २००२ मध्ये अमेरिकेत धो धो चालायला हवा होता. इटलीत तो चाललाही. अमेरिकेत मात्र तोच वितरक, तोच दिग्दर्शक, नाताळचा मुहूर्त, आणि सुरुवातीपासून इंग्रजी डबिंग, एवढे सगळे जुळवूनही गल्ला ४० लाख डॉलरपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. पाचशे-सातशे पडद्यांवर एकदम चढवायचा चित्रपट कोणता आणि चार पडद्यांवर ठेवून मुरू द्यायचा कोणता, हे ओळखणे हेच वितरकाचे कसब असते.

पडद्यामागे

सर्वांचे मनापासून आभार. टिपणात पुढील मजकूर घालत आहे: "सुमारे २ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाचा जागतिक गल्ला सुमारे २३ कोटी डॉलर झाला, त्यातला साधारण चौथा हिस्सा उत्तर अमेरिकेतून, पाचवा हिस्सा इटलीतून आणि निम्म्याहून अधिक इतर देशांतून आला." समितीतल्या काकांना एडिसनकरांचा घोडा आणि वरातीचा दाखला वाचून दाखवला. ते हसले, पण मत बदलले असे काही म्हणाले नाहीत. इटलीत सर्वाधिक कमाई करणारा इटालियन चित्रपट हा मान आजही याच चित्रपटाकडे आहे का, एवढे कोणी सांगेल काय?

एडिसनकर

नाही. २०११ मध्ये केक्को झालोने या विनोदी नटाच्या 'के बेल्ला जोर्नाता'ने, म्हणजे 'किती सुंदर दिवस'ने, तो मान हिरावून घेतला. नावातला 'सुंदर' हा शब्द तेवढा इटालियन प्रेक्षकांनी कायम ठेवला.