निंबाळकर मूळचे पवारच का? सोयरीक अडलीय

माणदेशी:
नमस्कार मंडळी. आम्ही निंबाळकर, फलटण भागातलेच, पण राजघराण्यातले नाही, साधे शेतकरी. धाकट्या बहिणीला शिरूरकडच्या पवारांचं स्थळ आलंय, पोरगा चांगलाय, घर चांगलंय, पण आजी ऐकायला तयार नाही. म्हणते निंबाळकर म्हणजे पवारच, भाऊकीत पोरगी द्यायची नाही. खरंय का हे? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, अर्जंट आहे.

फलटणकर:
आजींचं बरोबर आहे भाऊ. निंबाळकर हे पवार म्हणजे परमार कुळातलेच मानतात, फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळेसुद्धा मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. आणि आपल्या घराण्याच्या सोयरिकी काय मोठ्या होत्या बघा, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांच्या पत्नी दीपाबाई फलटणच्या, शिवरायांच्या पत्नी सईबाई फलटणच्या, त्यांचं लग्न १६४० ला पुण्यात झालं, आणि पुढं सईबाईंची लेक सखुबाई परत फलटणलाच दिली, सईबाईंचे भाऊ बजाजी यांच्या मुलाला, महादजींना, म्हणजे मामाच्याच घरात. भोसल्यांशी एवढी नाती झाली कारण कूळ वेगळं. मामाच्या घरी चालतं, एका कुळात चालत नाही, आजी तेच म्हणतायत.

करमाळेकर:
फक्त फलटण धरू नका. आमच्याकडं करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळ रावरंभा निंबाळकरांनी बांधलं, खर्ड्याचा किल्ला सुलतानजी निंबाळकरांचा, ही मंडळी निजामाकडं होती. जिथं १७९५ ची मराठे-निजाम लढाई झाली तेच खर्डा. घराणं एक, पण शाखा लांब लांब गेल्या.

हेळव्यांचा_शेजारी:
नुसत्या आडनावावरून स्थळ मोडू नका राव. पवार राज्यभर आहेत, सगळे एका कुळातले असतीलच असं नाही. समोरच्यांना आधी देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विचारा, पंचपल्लव (पाच झाडांची पानं) आहे का तलवारीची धार का आणखी काही, मग कुलदैवत आणि मूळ गाव. तुमच्या गावात वंशावळी सांगणारा हेळवी येत असेल तर त्याच्याकडं पिढ्या मिळतील, पंढरपूर किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे जे उपाध्ये असतील त्यांच्या वहीत पण नावं असतात. दोघांचं देवक एकच निघालं तर मात्र आजींचा शब्द मोडू नका, लग्नानंतर दोन्ही घरं पोरीलाच बोलतात.

माणदेशी:
मनापासून आभार सगळ्यांचे. आमचं देवक आजीलाच माहीत आहे, आज विचारतो आणि पवारांकडं मामाला पाठवतो.