फायबरच्या फ्रेमपट्टीचे कोपरे सुटतात, गोंद कोणता?

काटकोन_९०
सव्वा इंची सोनेरी सिंथेटिक पट्टी आहे, दुकानात 'फायबर' म्हणून मिळते ती. कापल्यावर आतून पांढरी, फेसाळ. माप २४ × ३६ इंच, काच ३ मिमी. लाकडाचा पांढरा गोंद लावून रात्रभर बेल्ट क्लॅम्पमध्ये (चारही बाजूंनी पट्टा आवळणारा शिकंजा) ठेवली. क्लॅम्प काढताच दोन कोपरे उघडले, गोंद सालासारखा निघाला. मग इन्स्टंट ग्लू लावला तर कोपऱ्याभोवती पांढरी पावडर बसली. आता अरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) की पीव्हीसी पाइपचं सोल्युशन? कोपऱ्यात मागून व्ही आकाराचे खिळे ठोकणारं व्ही-नेलचं मशीन नाही.

करवत४५
पांढरा गोंद पाणी शोषलं गेलं की धरतो. लाकूड पाणी पितं, प्लास्टिक पीत नाही, त्यामुळे कितीही तास दाबून ठेवलं तरी तो नुसता वर सुकतो.

इन्स्टंट ग्लूच बरोबर आहे, पण पातळ नको, जेल घ्या. पातळ ग्लू फेसाच्या छिद्रांत उतरतो आणि सांध्यात काही उरतच नाही. दर कोपऱ्याला एकाच टोकाला दोन थेंब पुरतात, तेही कडेपासून ३ मिमी आत. पांढरी पावडर म्हणजे जास्तीच्या ग्लूची वाफ, पृष्ठभागावर येऊन बसलेली. दमट, कोंदट हवेत ती जास्त दिसते. ग्लू कमी लावा आणि जोडताना पंखा मंद चालू ठेवा. एक मिनिट दाबून धरा, पण पूर्ण ताकद २४ तासांनी येते. तोवर काच बसवू नका.

ग्लूच्या आधी कट तपासा. ब्लेड बोथट असेल किंवा पट्टी घाईने ढकलली तर प्लास्टिक वितळून कडेला बारीक गाठी राहतात, आणि त्यांच्यामुळे सांधा टेकतच नाही. त्या धारदार कटरने काढा. सँडपेपर हातात धरून मारू नका, ४५ अंशाची कड गोल होते. कोपरा कोरडाच जुळवून उजेडासमोर धरा. फटीत कागद सरकत असेल तर पुन्हा कापा, ग्लूने फट भरून काढायची नाही.

टोल्युइन
आधी प्लास्टिक ओळखा. 'फायबर' म्हणून विकतात ती बहुतेक पट्टी पॉलिस्टायरिन असते, काही पीव्हीसी. मिठाच्या पाण्यात बुडवून बघायची युक्ती इथे चालत नाही, फेसाळ पट्टी तशीही तरंगते. तांब्याची तार तापवून तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. तुकडा काळ्या काजळीने भडकून जळत असेल तर पॉलिस्टायरिन. हे बाहेर मोकळ्या हवेत करा.

पाइपच्या सोल्युशनने पॉलिस्टायरिनही विरघळतं, म्हणून लोक ते वापरतात. पण फेसाळ पट्टीत ते फेसाच्या पेशी, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या, खाली बसवतं. सोल्युशनमधला द्रावक (प्लास्टिक विरघळवणारा भाग) उडून गेल्यावर कोपरा आत ओढला जातो आणि पुढून खड्डा दिसतो. सोनेरी फॉइलवर ओघळ आला तर फॉइल गेलंच. भरीव पट्टीला मात्र द्रावकाचा सांधा उत्तम. अरल्डाइट चालतं, पण दोन्ही टोकं खरवडावी लागतात आणि तासन्‌तास क्लॅम्प हवा. हॉट ग्लू नको, त्याचा थरच जाड असतो.

आणि सांडलेला ग्लू काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्यातला अॅसिटोन पट्टीच मऊ करतो.

मागची_बाजू
गोंदाएवढंच वजनही बघा. तुमच्या मापाला ३ मिमी काच सव्वाचार किलोच्या आसपास भरते. हे सगळं ओझं खालच्या पट्टीवर, म्हणजे खालच्या दोन कोपऱ्यांवर. इन्स्टंट ग्लू ताण सोसतो, धक्का सोसत नाही. फ्रेम टेबलावर आपटली की तडकतो. २ मिमी अॅक्रिलिक घातलं तर वजन साधारण १.३ किलोवर येतं.

मशीन नसेल तर मागून चारही कोपऱ्यांवर चपट्या एल-पट्ट्या लावा. आधी बारीक ड्रिल मारा, नाहीतर फ्रेमची पट्टी चिरते. पट्टी १५ मिमी जाड असेल तर स्क्रू १० मिमीहून लांब नको, पुढे टोक उमटतं. आणि मागे आडवी तार ताणू नका, ती उभ्या पट्ट्या आत खेचते. भिंतीत दोन हुक आणि फ्रेमला दोन कड्या.

काटकोन_९०
ज्योत हिरवी नाही, काजळी भरपूर. म्हणजे पॉलिस्टायरिन. आधीची पांढरी पावडर कशी काढू?

करवत४५
कोरड्या मऊ कापडाने पुसा. उरली तर कापडाला जरासं मेणाचं पॉलिश लावून, पण आधी मागच्या बाजूला सोनेरी रंग उतरतो का ते बघून.