मदत हवी आहे: गाडीतल्या अँपचा (अँप्लिफायरचा) एचपीएफ (हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचा बेस अडवणारी चाळणी) नक्की कुठे ठेवू?

मंडळी, तीन रविवार गाडीत वाकून वाकून मान आखडली, आता तुम्हीच सांगा.

४ चॅनलचा अँप आहे. पुढच्या दोन चॅनलवर साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे), सोबत आलेल्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरच्या (दोघांत आवाज वाटून देणाऱ्या) डबीतून. मागचे दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) १० इंची सबवूफर. पुढे एचपीएफ ८० हर्ट्झ, मागे एलपीएफ (लो-पास फिल्टर, वरचे सूर अडवणारी चाळणी) ८०. आवाज कमी असताना झकास. वाढवला की दाराचा पत्रा थरथरतो आणि तबल्याचा डग्गा नुसता 'भद्द' वाजतो.

काल लक्षात आलं, हेड युनिटमध्येही (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओत) पुढच्या स्पीकरचा एचपीएफ ८० वर चालू होता. म्हणजे एकाच सिग्नलला दोन चाळण्या! तो बंद केला तर आवाज भरला, पण थरथरही वाढली. अँपवरचा स्क्रू एवढासा, ५० ते २५० फिरतो, मधे आकडेच नाहीत. माझे ८० खरंच ८० आहेत का, देव जाणे.

तर, एचपीएफ १०० वर चढवला तर सबचा एलपीएफही तिथे न्यायचा की ८० वरच ठेवायचा? सबच्या प्लस-मायनस वायरी उलट केल्यावर बेस डिकीतून पुढे आल्यासारखा वाटला. हे फेजचंच (सब आणि पुढच्या स्पीकरच्या लहरी जुळण्याचंच) ना?

मित्र म्हणतो, डबी काढ, ट्वीटर थेट अँपला लाव. पण अँपचा एचपीएफ २५० च्या वर जात नाही, ट्वीटरला ३००० च्या आसपास लागतो. पहिल्याच गाण्यात जळेल की! डीएसपीशिवाय (आवाजाच्या डिजिटल प्रोसेसरशिवाय) या फंदात पडू नये, बरोबर ना?

गेन (अँपची इनपुट पातळी) निम्म्याच्या खाली आहे, बेस बूस्ट शून्यावर.