पणजी फिरायची असेल तर मोपा की दाबोळी? (माझं मत : दाबोळीच)

डोंबिवलीची_ऋजुता
नमस्कार मंडळी. जानेवारीत आईबाबांना घेऊन गोव्याला जायचंय, पण बीचवाला गोवा नाही. गुरुवार ते रविवार पणजीत मुक्काम, फोंताइन्यासच्या गल्ल्या, जुनं गोवं, मंगेशी-म्हाळसा-शांतादुर्गा आणि जमलं तर फेरीबोटीनं दिवाडी बेटावर एक चक्कर, बास. गोव्यात आता दोन विमानतळ, जुना दाबोळी आणि नवा मोपा. ऑफिसातले सगळे एका सुरात सांगतायत की मोपाचं तिकीट काढ, स्वस्त पडतं, एअरपोर्ट नवाकोरा आहे वगैरे. मला हे पटत नाहीये. हरमल, मोरजी, मांद्रे, आश्वे असं कुठे जायचं असेल तर डोळे मिटून मोपा घ्या, पण पणजीसाठी दाबोळीच बरं. मोपा पेडण्यात, पार महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, तिथून पणजी साधारण ३५ किमी, दाबोळीहून २७-२८. आकड्यात फरक किरकोळ वाटतो पण रस्ता बघा ना. दाबोळीहून येताना पूर्वी कुठ्ठाळीला जुन्या झुआरी पुलावर लोक रडकुंडीला यायचे, २०२२ च्या डिसेंबरात नवा पूल सुरू झाला आणि ते दुखणं बरंच कमी झालं. मोपाहून मात्र म्हापसा मागे टाकून पर्वरीला आलात की समोर पणजी दिसत असते आणि गाडी हलत नसते. उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तर विचारूच नका. तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात आणि वर म्हातारी माणसं ताटकळतात ते वेगळंच. मोपावाल्यांनी आता बोला :)

हिशोबी_काका
बोलतो की. पहिली गोष्ट, दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखीव, त्या वेळात प्रवासी विमान नाही. तुम्ही जाताय गुरुवारी. म्हणजे एकतर भल्या पहाटे पोचायचं नाहीतर दुपारनंतर, आणि दुपारनंतर सगळ्यांचीच विमानं असतात त्यामुळे बॅगांच्या पट्ट्यापाशी ही गर्दी. मोपाला असली भानगड नाही, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली आणि वेळेची बंधनं नाहीत. सकाळी नऊला उतरा, अकराला पणजीत, अख्खा दिवस हातात. दाबोळीनं गेलात तर पहिला दिवस पाण्यात. तीन-साडेतीन दिवसांच्या ट्रिपमधला अर्धा दिवस म्हणजे केवढा भाग झाला याचा हिशोब तुम्हीच करा, तिकिटाचे पैसे तर मी अजून धरलेच नाहीत. आणि रस्त्याचं म्हणाल तर धारगळजवळ हायवेवरून थेट विमानतळापर्यंत उन्नत रस्ता झालाय २०२४ मध्ये, पूर्वीसारखं गावातून वळणं घेत जावं लागत नाही.

डोंबिवलीची_ऋजुता
काका, सकाळी नऊला मोपाला उतरायचं म्हणजे डोंबिवलीहून मुंबईच्या एअरपोर्टला निघायचं किती वाजता? तीन-साडेतीनला उठवू का आईला? आणि अकराला पणजीत पोचून करायचं काय, हॉटेलवाला खोली देणार दुपारी. बॅगा रिसेप्शनला टाकून जुन्या गोव्याला जा असं सांगणं सोपं असतं, बाबांना प्रवासातून आल्यावर तासभर आडवं व्हायला लागतं. मला दुपारी उतरणारं विमानच हवंय, नौदलाचा सराव माझ्या पथ्यावरच पडतोय!

ठाणेकर_भटक्या
एक मुद्दा दोघंही विसरताय. बुकिंगच्या साइटवर नुसतं गोवा टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. स्वस्त दिसलं म्हणून झटकन काढाल आणि परतीचं भलतीकडून निघेल. बाकी माझं मत विचाराल तर दोन्ही सारखेच, कारण खरा प्रॉब्लेम विमानतळ नाही, टॅक्सी आहे. ओला नाही, उबर नाही, कुठूनही पणजीला जा, आकडा चार आकडीच. मागे एका टॅक्सीवाल्यानं हॉटेल येण्याआधीच एका चौकात गाडी थांबवून एवढंच ठरलं होतं म्हणून वाद घातला. इथली टॅक्सी लॉबी मोडल्याशिवाय गोव्याला जाण्यात राम नाही.

फोंडेकार
मी फोंड्याचा. लॉबी लॉबी म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका हो. पर्यटक चार महिने येणार, गाडीचा हप्ता बारा महिने भरायचा, वर एक फेरी मारली की परत येताना गाडी रिकामी. वाद घालणारे आहेत, नाही असं नाही, टॅक्सीत डिजिटल मीटर बसवायचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं ते उगाच नाही. पण गोवा माइल्सचं टॅक्सी ॲप आहे, विमानतळावर प्रीपेड काउंटर आहे, पावती घ्या आणि बसा, ठरलं-नाही ठरलं हा प्रश्नच येत नाही. आणि तुम्ही मुंबईकर एक गोष्ट कधी बघतच नाही, ती म्हणजे कदंबा बस, आमची गोव्याची एसटी. दोन्ही विमानतळांवरून पणजीला कदंबाच्या बस आहेत, एसी, सामान ठेवायला जागा. टॅक्सीच्या मानानं भाडं काहीच नाही. पणजीच्या कदंबा स्टँडवर उतरलं की पाटो पूल ओलांडून मळा-फोंताइन्यास चालत दहा-पंधरा मिनिटं. आता मोपा-दाबोळीचं म्हणाल तर ऋजुताताईंशी मी सहमत, पण त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं. आमच्या दक्षिणेकडच्या सासष्टी-काणकोणच्या माणसाला मोपा म्हणजे निम्मा गोवा पार करून जायचं. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किमी, मोपा त्याच्या अडीचपट. दाबोळी बंद पडणार अशी भीती लोकांना आहे ती त्यामुळे. तुमच्यासारखे प्रवासी दाबोळीला उतरत राहिले तर तो चालू राहणार, एवढंच माझं स्वार्थी गणित.

कुडाळकर
म्हणजे गोयकारांनी आपली दाबोळी जपायची आणि आम्ही काय करायचं? आमच्यासाठी मोपा म्हणजे घरचाच विमानतळ. बांदा, सावंतवाडी तिथून हाकेच्या अंतरावर, माझी बहीण बेंगळुरूहून येते ती मोपालाच उतरते आणि तासाभरात घरी जेवायला. चिपीचा आमचा स्वतःचा विमानतळ २०२१ ला झाला, त्याची गत काय झाली ती सांगत बसत नाही. मोपा लांब आहे म्हणणाऱ्यांनी आधी सांगा कोणापासून लांब. गोवा म्हणजे फक्त पणजी नाय रे बाबा.

डोंबिवलीची_ऋजुता
कुडाळकर दादा, धाग्याच्या नावातच पणजी लिहिलंय मी :) तुमच्या बहिणीसाठी मोपा शंभर टक्के बरोबर. माझा वाद पणजीपुरताच आहे.

रेल्वेवेडा_चिपळूण
मला एक कळत नाही, मुंबईहून पणजीला विमान हवंच कशाला? करमळी स्टेशन जुन्या गोव्याच्या अगदी कुशीत, तिथून पणजी ११-१२ किमी. दोन्ही विमानतळांपेक्षा जवळ! तेजस करमळीला थांबते. वंदे भारत २०२३ पासून आहे, पहाटे ५:२५ ला सीएसएमटी सोडते, दुपारी थिवीला. ठाण्याला थांबते, डोंबिवलीहून ठाणं किती लांब आहे ते मी सांगायला नको. विमानाच्या आधी दोन तास, नंतर बॅगा, मग टॅक्सी, सगळं धरलं तर तुमचे सहा तास तसेच जातात. त्यापेक्षा खिडकीशी बसून बोगदे, पूल, रत्नागिरीच्या अलीकडे पलीकडे दऱ्या बघत जायचं आणि आईबाबांना पाय मोकळे करायला मिळतात ते वेगळं.

हिशोबी_काका
वंदे भारत करमळीला थांबत नाही, थिवीला उतरलात की पुन्हा म्हापसा-पर्वरीच, म्हणजे ऋजुताताईंची पर्वरी काही चुकत नाही, हा हा. आणि करमळी स्टेशन तुम्ही रात्रीचं पाहिलंय का? बाहेर आलं की चार-सहा टॅक्स्या, त्या गेल्या की शुकशुकाट. विमानतळावर निदान बस तरी समोर उभी असते. पावसाळ्यात तर कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या हळू. जानेवारी आहे म्हणून ठीक. सुट्ट्यांमधलं वेटिंग लिस्ट प्रकरण मी काढतच नाही.

रेल्वेवेडा_चिपळूण
वेटिंग आहे म्हणजे लोकांना गाडी हवी आहे ना काका! करमळीला हॉटेलवाल्याला सांगून गाडी बोलवता येते, त्यात काय अवघड. पंचवीस किमीची टॅक्सी आणि बारा किमीची टॅक्सी यात पैसे कोणाचे वाचले?

खादाड_पल्लवी
गाडीच घ्या ना मग भाड्यानं, चालवायला. आम्ही तेच करतो. विमानतळावरच गाडी ताब्यात, टॅक्सीची कटकट नाही बसची वाट नाही, मंगेशीहून निघून कवळ्याला जाताना मध्येच कुठेतरी थांबून मस्त शाकाहारी थाळी. मग मोपा काय नि दाबोळी काय. फक्त काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, पांढऱ्या पाटीची कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, ती बेकायदा असते आणि पोलिसांनी धरलं की भुर्दंड आपल्याला.

फोंडेकार
पाटीचं बरोबर सांगितलंत. पण पणजीत मुक्काम असेल तर गाडी हे लोढणं. फोंताइन्यासमध्ये गाडी लावायला जागा शोधता शोधता संध्याकाळ होते, आणि ते लोकांचं राहतं घर आहे हो, दाराशी गाडी लावून पायरीवर बसून फोटो काढणारे बघून तिथल्या लोकांनी फलक लावलेत. १८ जून रस्ता, चर्च, कांपाल, सगळं चालण्यातलं. जुन्या गोव्याला आणि फोंड्याला स्टँडवरून बस सुटतच असतात, फोंड्याच्या बसमध्ये मंगेशी सांगितलं की कंडक्टर फाट्यावर उतरवतो, तिथून देऊळ जवळ, पुढची बस पकडली की म्हार्दोळला म्हाळसा. कवळ्याच्या शांतादुर्गेला मात्र फोंड्यातून पुन्हा बस बदलावी लागते, तेव्हा वयस्कर माणसं असतील तर देवळांचा एक दिवस पणजीतूनच टॅक्सी ठरवा, सकाळची. दिवाडीला जाताना जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी घ्या, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाचेक मिनिटांत पलीकडे. एवढ्यासाठी तीन दिवस गाडी अंगावर कशाला?

खादाड_पल्लवी
वयस्कर माणसांना फाट्यावर उतरवून उन्हात चालवायचं, आणि म्हणे गाडी लोढणं. बसमध्ये चढताना ती पहिली पायरी किती उंच असते ते बघितलंय का? माझ्या सासूबाईंना दोघींनी धरून चढवावं लागतं. बाय द वे, बॅसिलिकात रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तेव्हा जुनं गोवं शुक्रवारी किंवा शनिवारी करा.

डोंबिवलीची_ऋजुता
पल्लवी, बसच्या पायरीचं तू बोललीस ते अगदी खरं, देवळांच्या दिवशी टॅक्सीच. विमानतळ ते पणजी मात्र मी कदंबाच बघणार, सामान एकदाच चढवायचंय आणि मी आहे बरोबर. चालवायला गाडी नको, आमच्याकडे चालवणारी एकटी मी, मग फेणी मी कधी घ्यायची?

ठाणेकर_भटक्या
ओके पण एक नवीन अँगल. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत, आणि तिथून मोपाला विमान आहे. डोंबिवलीहून उलवे (तिथेच आहे तो) गाठणं सांताक्रूझ-अंधेरीला जाण्यापेक्षा बरं, शिळफाट्याचा ट्रॅफिक धरूनही. म्हणजे पर्वरीत जो अर्धा तास जाईल तो इकडे भरून निघतो. कुठे उतरायचं याच्यावर एवढी चर्चा आणि कुठून चढायचं याचा विचार कोणी करत नाही!

हिशोबी_काका
वा, हा खरा मुद्दा! ऋजुताताई आता बोला. घरापासून खोलीपर्यंतचा पूर्ण हिशोब मांडायला हवा.

डोंबिवलीची_ऋजुता
मांडला. शिळफाटा धरूनही अर्धा तास वाचतो हे ज्यानं लिहिलं तो शिळफाट्यावर सकाळी गेलेला नाही. शिवाय मला दुपारी उतरणारं विमान पाहिजे, ते ज्या दिवशी नवी मुंबईहून सोयीचं मिळेल त्या दिवशी मी मोपाचं नाव घेईन. सध्या गुरुवारी दुपारचं दाबोळीचं काढतेय.

हिशोबी_काका
काढा काढा. निदान परतीचं तरी मोपाचं बघा, रविवारी स्वस्त दिसतंय मला.

डोंबिवलीची_ऋजुता
रविवारी संध्याकाळी पर्वरीतून? अख्खं कळंगुट-बागा घरी परतत असतं काका तेव्हा. आणि रविवारी नौदलाचा सरावही नाही, दाबोळीला सकाळचंही विमान मिळतं.

कुडाळकर
सकाळच्या विमानानं परत जायचं म्हणजे रविवार फुकट की मग. त्यापेक्षा मोपाच्या वाटेवर पेडण्यात आमच्याकडे जेवून जा, सोलकढी आहे.