पियानोचा फेल्ट कुठला घेऊ? (इंदूर) तातडीने मदत हवी आहे

रामबागकर: मंडळी, जुना पियानो उघडून बसलोय. आतला फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) कसरीने पार खाल्लाय. दोन दिवस सियागंज पालथं घातलं, सगळे हस्तकलेचा रंगीत फेल्टच दाखवतात. किती जाडीचा घेऊ? पांढरा गोंद चालेल का? महिनाअखेरीस आत्याची पंचाहत्तरी आहे, तिला वाजवायचाय. लवकर सांगा.

खर्ज: कुठला फेल्ट? हातोड्यांचा, डँपरचा (तारेचा आवाज थांबवणारा भाग) की पट्ट्यांखालचा? उभा पियानो की ग्रँड? पट्ट्या किती?

रामबागकर: उभा. 85 पट्ट्या. पट्ट्यांखालचा.

पेटीवाला: तीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय. नमदा (थापून केलेलं जाड आसन) कापून लावा, काही होत नाही.

खर्ज: पेटीवाले काका, पेटीची पट्टी झडप उघडते, पियानोची हातोडा उडवते. नमदा सैल असतो, महिन्यात दबेल. पट्टी जेमतेम 10 मिमी खाली जायला हवी, मग ती जास्त जाईल. घट्ट दाबलेली शुद्ध लोकरच हवी. एक धागा जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर.

पेटीवाला: लोकर मान्य. पण आमचा नमदाही लोकरीचाच असतो.

मालवा_मैना: विकायचा आहे का? महूला एकांना हवाय.

रामबागकर: नाही हो, विकायचा नाही! गोंदाचं सांगा ना.

खर्ज: पट्ट्यांखालच्या खिळ्यांवरच्या फेल्टच्या गोल चकत्या चिकटवायच्याच नसतात, नुसत्या ओवायच्या. पट्टीच्या खाचेतलं तलम कापड मात्र सरसाने (सुतारांचा जुना गरम गोंद) चिकटवा. सरस उकळायचा नाही, गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ करायचा. कापड बसलं की मापाची लाकडी पाचर घालून सुकू द्या. पुढे कुणाला बदलायचं झालं तर वाफ दिली की सुटतं, पांढऱ्या गोंदाने लाकूड सोलून निघेल. आणि फेल्टखालच्या कागदी चकत्या जपून ठेवल्यात ना?

रामबागकर: त्या कचरा समजून टाकल्या.

खर्ज: अहो, त्यांच्यावरच प्रत्येक पट्टीची उंची ठरते! आत्ताच्या आत्ता डबा उपसा.

रामबागकर: साठेक मिळाल्या. नखाएवढ्या, काही तर पतंगाच्या कागदाहून पातळ. कुठली कुठल्या पट्टीची, काहीच कळत नाही.

खर्ज: मग आधी नवा फेल्ट घाला. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या पट्ट्या योग्य उंचीला आणा, त्यांवर लांब सरळ फळी आडवी ठेवा आणि मधल्या पट्ट्या एकेक करून खाली कागदी चकत्या घालत त्या फळीला टेकवा. दोन संध्याकाळी लागतील.